नाव सांगितल्याशिवाय प्लेट सुटत नाही

"बा-का-ला," मी म्हणाले.

"नाही," शेफ म्हणाल्या. प्लेटवरचा हात त्यांनी काढला नाही.

सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमधल्या आमच्या रेस्टॉरंटचा हा नियम आहे. तयार प्लेट ज्या काउंटरवर येते त्याला पास म्हणतात. सर्व्हरने पदार्थाचं नाव नीट उच्चारलं तरच शेफ मोन्से पासवरची प्लेट सोडतात. त्या बार्सिलोनाच्या, भाषा कॅटलान. तिला स्पॅनिश म्हटलेलं त्यांना चालत नाही.

मी तेव्हा बसर होते, म्हणजे टेबलं आवरणारी. दुपारची शिफ्ट आणि माझी केमिस्ट्री लॅब एकाच वेळी यायची. सर्व्हर झाले तर संध्याकाळची शिफ्ट मिळणार होती. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. लॅब सोडावी की नोकरी, हे कोणाला विचारावं तेच कळेना. त्यापेक्षा उच्चार शिकणं सोपं वाटलं.

सोपं नव्हतं. मी इथल्या शाळेत शिकलेली, प्रत्येक शब्द इंग्रजीसारखाच वाचायचे. शेफनी मेन्यूच काढून घेतला.

"वाचू नकोस, ऐक. जोर एकाच ठिकाणी द्यायचा. बाकीचे स्वर आळशी."

ते आळशी स्वर म्हणजे बहुतेक आपला साधा 'अ'. मग ते 'बकल्या' झालं. अर्थ, खारवलेला कॉड मासा.

"पुन्हा. जीभ टाळूला चिकटव."

"शेफ, मासा गार होतोय!" कुक हेक्टर ओरडला.

"ते तिला सांग."

घरी भांडी घासतानाही माझं तेच चाललेलं. आई म्हणाली, "कोणाला बकल्या म्हणतेस गं?"

शेवटी एका शुक्रवारी प्लेट सुटली आणि मी सर्व्हर झाले.

त्याच संध्याकाळी एक वयस्कर जोडपं आलं. मी "बकल्या" म्हटलं आणि आजींचा चेहरा उजळला. त्या भराभर कॅटलानमध्ये बोलत सुटल्या. मराठी मंडळात माझा उच्चार ऐकून काकू लगेच इंग्रजीवर येतात, मला सगळं कळत असूनही. इथे नेमकं उलटं झालं. एकही शब्द कळत नव्हता. आजींना थांबवणं बरं दिसेना, म्हणून मी मान डोलावली. "सी, सी."

मग आत पळाले. "शेफ, मी कशाला तरी हो म्हटलंय. कशाला ते माहीत नाही."

शेफ बाहेर गेल्या. परत आल्या त्या हसून डोळे पुसतच.

"तू म्हणे बार्सिलोनाजवळच्या जिरोनाची आहेस. तुझी आई बकल्यात बेदाणे घालते. आणि उद्या त्यांच्या नातवाला तू सिअ‍ॅटल दाखवणार आहेस."

"मग... मी परत बसर?"

"नाही. पण त्यांनी अ‍ॅलर्जीचं काही सांगितलं असतं तर? हे पाठ कर. नो पार्लु कतला. म्हणजे, मला कॅटलान येत नाही."

ते मी पासवरच पाठ केलं. आता लॅब चुकत नाही. फक्त ते वाक्य मला इतकं छान जमतं, की ऐकून कोणी विश्वासच ठेवत नाही.

हल्ली ते मी मुद्दाम थोडं वाईट म्हणते.