चौथं नाव

रविवार, सकाळी अकरा. हजर: मी, लेक, सासूबाई आणि नाशिक रोडहून आलेला लॅपटॉप दुरुस्तीवाला. आम्हा तिघींत मिळून असलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं होतं.

लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची मी केलेली तुलनेची यादी त्याने बाजूला ठेवली. "ताई, घरात सगळ्यात कमी कोणाला येतं? त्यांना जमेल तेच टाकू."

सासूबाईंना त्यातल्या मिंट नावाच्या प्रकारात फोटो लगेच सापडले, म्हणून मिंट ठरलं. त्याने त्यावर तिघींच्या नावांची वेगळी लॉगिन खाती केली.

"यांचंही करा," सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"नाव काय, आजी?"

नवऱ्याचं नाव त्यांनी कधीच घेतलं नव्हतं. मी सांगणार, तोच त्याने मला हातानेच थांबवलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "बोलू नका आजी, टाइप करा. घाई नाही."

आजच्या कामातलं तेवढंच बाकी आहे. पहिलं अक्षर झालंय.