लिंबोणीचा लाल ठिपका

...तर मी ओरडलोच, "अगं, जंगल पेटलंय! फोन लाव कुणाला तरी!"

माझी भाची हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. "मामा, लाल म्हणजे हिरवं! उपग्रहाच्या या फोटोत जिवंत पान लाल दिसतं. लाल गेलं की समजायचं, जंगल गेलं."

घ्या! जन्मभर हिरवं बघून म्हातारा झालो आणि आता हे नवीनच. पण पोरगी कामाला पक्की. गार खोलीत पडद्यासमोर बसायचं, अभयारण्याचा नवा फोटो जुन्याशी ताडायचा, कुठं तोड झाली, कुठं चोरून शेती लागली, ते वनखात्याला कळवायचं. आमचं गाव त्याच अभयारण्यासाठी उठवलं होतं. तेव्हा ही कडेवर होती.

एका उन्हाळ्यात सगळं जंगल राखाडी झालं आणि गावाच्या जागी एक ठिपका लालभडक राहिला. तिनं मोठा करून पाहिला. आमच्या ताईच्या, म्हणजे हिच्या आईच्या, परसातल्या लिंबोणी! उन्हाळ्यात एवढं लाल, म्हणजे कुणीतरी पाणी घालतंय. तिनं नियमाप्रमाणे कळवलं. वनरक्षक जाऊन आले. माणूस नाही, पायवाट नाही, विहीर ढासळून बुजलेली. पण झाडांच्या मुळाशी चिखल.

पुढच्या उन्हाळ्यातही तेच.

इकडे शहरात, भाचीच्या फ्लॅटवर, ताईला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मला ती पोस्टमन समजते, "पत्र आहे का?" विचारते. मीही "उद्या येईल" म्हणतो. पण भांडी विसळली की ते पाणी बादलीत घेऊन गॅलरीत जायची आणि कोपऱ्यातून खाली ओतायची. गावी लिंबोणींना घालायची, अगदी तस्संच. खालच्या काकू कडाडायच्या, "अहो, धुतलेल्या कपड्यांवर खरकटं!"

शेवटी भाचीनं गॅलरीला कुलूप घातलं. ताई भरली बादली घेऊन बंद दारापाशी उभी राहायची. मग कुणीतरी ते पाणी मोरीत ओतायचं.

नव्या फोटोत ठिपका फिका पडला. त्याच्या पुढच्यात आणखी फिका. घरी ताईचं जेवणही कमी होत चाललं होतं. भाचीनं मला ते फोटो दाखवले, तेव्हा पडद्यावर टेकवलेलं बोट तिला उचलवेना.

"ऊन जास्त असेल यंदा," मी म्हटलं.

"सगळीकडे तेवढंच आहे, मामा."

परवा सहज भाचीकडे गेलो, तर बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, त्यांवर कुणा परक्याच्या विजारी नि चादरी. एक ओला पायजमा चुकवत आत शिरलो. गॅलरीचं दार सताड उघडं होतं आणि खाली पाणी पडल्याचा आवाज येत होता.

मी हळूच विचारलं, "पोरी, तू एवढी शिकलेली. तुला खरंच वाटतं, की हे पाणी तिकडे..."

"मला काही वाटत नाही, मामा. मी फक्त कुलूप काढलंय, आणि खालच्या काकूंना सांगितलंय, कपडे आमच्याकडे वाळत घाला."