फुलदाणी कोणाकडे होती

आमचे बाबा बसमध्ये तिकिटं तपासतात. म्हणजे लोकांना तसं वाटतं. खरं तर ते माणूस तपासतात आणि तिकीट नुसतं पुरावा म्हणून बघतात. मधल्याच कुठल्यातरी थांब्यावर चढायचं, दाराशी क्षणभर उभं राहून सगळ्या बसवर नजर फिरवायची. खिडकीबाहेर बघणारा नव्हे, उगाच हसणारा पकडायचा, असं त्यांचं शास्त्र. मग त्याच्यापुढे हात पसरून एकच शब्द: "दाखवा." तो खिसे चाचपू लागला की बाबा दांडीला रेलतात आणि अगदी मायेनं म्हणतात, "शोधा, शोधा. मी थांबतो." हे वाक्य मी आवाज जरा जाड करून असं म्हणते की एकदा आईनं स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "आज लवकर सुटलात?"

घरी आल्यावर गणवेश उतरतो, सवय उतरत नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख ते दोनदा वाचतात. शेजाऱ्यांनी बिस्किटांचा डबा दिला तर आधी म्हणतात, "एवढा मोठा का दिला असेल?" आणि मग सगळ्यात जास्त बिस्किटं तेच खातात.

रविवारी दुपारी आम्ही खुनाचा खेळ खेळतो. हा खेळ कुणीतरी बाबांना समोर बसवूनच बनवला असावा. एका मोठ्या बंगल्यात मालकाचा खून झालेला असतो. कुणी केला, कशानं केला आणि कुठल्या खोलीत केला, हे सांगणारे तीन पत्ते सुरुवातीलाच न बघता पाकिटात घालायचे. उरलेले आपसांत वाटायचे. मग एकेकानं संशय घ्यायचा: स्वयंपाकिणीनं, सुरीनं, वाचनखोलीत. डाव्या हाताला बसलेल्याकडे त्यातला एखादा पत्ता असेल तर त्यानं तो गुपचूप दाखवायचा, नसेल तर त्याच्या पुढच्यानं. असं करत करत पाकिटात काय आहे ते ओळखायचं.

बाबांच्या डाव्या हाताला कायम आई बसते. "पहिलं उत्तर भरवशाच्या माणसाचं पाहिजे," असं ते म्हणतात. उजवीकडे मी, म्हणजे माझा नंबर शेवटचा. आणि बाबांच्या कोपराशी ब्रेड आणि जॅमची बाटली.

"पत्ते चिकटतील हो," आई दर रविवारी म्हणते.

"चिकटू देत. पळून तरी जाणार नाहीत."

आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते आणि चष्म्याच्या दुकानात काम करते. तिला बघायला आलेला एक जण वय सांगताना खोकला, म्हणून बाबांनी त्याला परत पाठवला होता. यावेळी आत्यानं विचारलंच नाही, सांगून टाकलं. लिफ्ट दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे, दुकानाच्या इमारतीत यायचा, त्याच्याशी लग्न करणार.

"तुझी परवानगी मागत नाहीये, दादा," ती म्हणाली. "पण तू त्याच्याकडे त्या बसमधल्या नजरेनं बघत राहिलास, तर उद्या मी या घरी येऊ कशी, तेवढं सांग."

बाबा म्हणाले, "रविवारी खेळायला बोलाव. खेळात जो खोटं बोलतो तो संसारात किती बोलेल, ते कळेलच."

लिफ्टवाले आले ते जिन्यानं. मी त्यांच्याकडे कान लावूनच बसले होते, आणि पहिल्या पाच मिनिटांत मला घबाड मिळालं. या माणसाचं एक वाक्य 'बहुतेक'शिवाय सुटत नव्हतं. साखर किती, तर बहुतेक एक चमचा. घर सापडलं का, तर बहुतेक सापडलं.

"लिफ्ट कधी पडते का हो?" बाबांनी विचारलं.

"बहुतेक नाही."

"बहुतेक?"

"आमच्या कामात खात्रीनं बोलायची सवय बहुतेक वाईटच," ते शांतपणे म्हणाले. बाबांनी ब्रेडवर जॅम फासला, पण डोळे त्यांच्यावरच होते. आत्यानं टेबलाखालून मला लाथ मारली, कारण मी ओठांतल्या ओठांत 'बहुतेक' घोळवत होते.

खेळ रंगला. लिफ्टवाले पत्ते छातीशी धरायचे, तर बाबांना वाटायचं काहीतरी लपवतायत. ते पत्ते खाली करायचे, तर बाबांना वाटायचं साधेपणाचं सोंग आहे. शेवटी बाबांनी बोटं चाटली आणि संशय घेतला: "माळी. फुलदाणीनं. तळघरात."

"नाही," आई म्हणाली.

"नाही, दादा."

"बहुतेक नाही," लिफ्टवाले म्हणाले.

"इथं बहुतेक चालत नाही."

त्यांनी पत्ते पुन्हा एकदा नीट बघितले. "मग नाही."

"नाही," मी म्हटलं.

बाबांच्या चेहऱ्यावर बिनतिकीट माणूस सापडल्याचा आनंद पसरला. चौघांकडे तीनातलं काहीच नाही, म्हणजे तिन्ही पाकिटात. त्यांनी पाकीट उघडलं. माळी. तळघर. आणि दोरी.



"फुलदाणी कोणाकडे आहे?" बाबा म्हणाले.

सगळ्यांनी आपापले पत्ते पुन्हा चाळले.

"मी विचारलं होतं. चौघांनी नाही म्हटलं. म्हणजे चौघांतलं एक जण खोटं बोललंय."

त्यांची नजर फिरली. आईवर टेकली आणि लगेच उठली. माझ्यावर आली तेव्हा नेमकं मला हसू फुटलं, आणि उगाच हसणाऱ्याचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. पण मलाही सोडून ती पुढे गेली आणि लिफ्टवाल्यांवर जाऊन बसली.

"दादा, असं बघू नकोस," आत्या म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"मी कुठं बघतोय? मी नुसता थांबलोय."

लिफ्टवाल्यांनी आत्याकडे बघितलं. मग आपले सगळे पत्ते उचलून खोक्यात टाकले, कुणी बघायच्या आत वर हातही फिरवला, आणि म्हणाले, "माझ्याकडे होती. दाखवायची राहिली. चूक माझी."

"बरं," बाबा म्हणाले. हा 'बरं' मला पाठ आहे. माणसाला पुढच्या थांब्यावर उतरवायच्या आधी ते तो म्हणतात. आत्या खुर्चीवरून उठायला लागली.

पण माझ्या कानात काहीतरी खुपत होतं. तीन वाक्यं झाली, आणि एकातही 'बहुतेक' नाही.

"बाबा, हे खोटं बोलतायत."

"ते तर त्यांनीच कबूल केलं."

"तेव्हा नाही हो. आत्ता बोलतायत."

"हिला काहीतरीच ऐकू येतं," असं म्हणत बाबा चिडून आपले पत्ते एकेक करून टेबलावर आपटायला लागले. टप. टप. थप्प. टप.

"तो तिसरा दाखवा," मी म्हटलं.

"त्यात काय दाखवायचं? पिस्तूल आहे."

मी आवाज जाड केला. "शोधा, शोधा. मी थांबतो."

आईनं तोंडावर पदर धरला. बाबांनी माझ्याकडे जळजळीत बघितलं, पत्ता उचलला, कडेला नख लावलं, आणि चर्रकन पिस्तुलामागून फुलदाणी सुटली. मध्ये लाल जॅमचा एक वाळका पट्टा होता.

"काखेत कळसा," एवढंच आई म्हणाली. पुढचं तिनं गिळलं.

"दादा," आत्या परत बसत म्हणाली, "विनातिकीट?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी तो पत्ता दोन्ही बाजूंनी नीट बघितला, मग लिफ्टवाल्यांकडे वळले. "तुमच्याकडे नव्हती."

"नव्हती."

"मग खोटं का बोललात?"

लिफ्टवाल्यांनी कपाचा कान जरा फिरवला. "लिफ्ट मध्येच अडकली की आम्ही आधी आतल्या माणसाला बाहेर काढतो. दोष कुठं होता ते मागाहून बघता येतं." त्यांनी आत्याकडे मान हलवली. "ही अडकली होती, बहुतेक."

"म्हणजे वेळ पडली की तुम्ही खोटं बोलता."

"बहुतेक हो."

आत्यानं कपाळावर हात मारला. बाबा मात्र रुमाल ओला करून आले आणि फुलदाणी पुसत बसले, डाग गेला तरी पुसत बसले. बहिणीकडे एकदा चोरून बघितलं. चोरून बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पकडलं.

"जरा तिकडे बसतेस?" ते आईला म्हणाले.

आई आपला कप घेऊन उठली आणि लिफ्टवाल्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनाही उठावं लागलं. बाबांच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी झाली.

"बसा इथं," बाबा म्हणाले. "पहिलं उत्तर तुमचं. मला जवळून बघायचंय."

ते येऊन बसले. आत्यानं जॅमची बाटली उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली आणि बाबांनी तिला नेऊ दिली. पत्ते नव्यानं वाटले गेले. बाबांनी आपल्या प्रत्येक पत्त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"सुटे आहेत का?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"बहुतेक," बाबा म्हणाले.