परातीतला दुसरा कागद

माझा स्वभाव संशयी आहे. घरी मला हवालदारीण म्हणतात. पनवेलच्या शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना चित्रकला शिकवायला लागल्यापासून तर हा स्वभाव चांगलाच पोसला गेलाय. घरून करून आणलेलं चित्र हातात आलं की मी ते आधी उलटून बघते. मागे पेन्सिल दाबल्याच्या खुणा असल्या तर ते पोराचं. मागची बाजू गुळगुळीत असली तर आईचं, नाहीतर सोसायटीतल्या हॉबी क्लासवालीचं. डोंगराकडे हळूहळू फिकं होत जाणारं आकाश तिसरीतल्या पोराला जमत नाही, मला कुणी सांगू नये.

म्हणून यंदाच्या प्रदर्शनासाठी मी मुद्दाम असं काम दिलं, ज्यात कुणाला नक्कल करता येणार नाही. परातीत पाणी घ्यायचं, त्यावर पातळ केलेल्या ऑइलपेंटचे थेंब सोडायचे, काडीनं हलकेच फिरवायचे आणि वर कागद टेकवून उचलायचा. पाण्यावरची नक्षी कागदावर येते. रंग विकत आणायचा नाही, फाटकाला किंवा ग्रिलला लावून उरलेला डबा बहुतेक घरात असतोच. रंगात टर्पेंटाइन मात्र घरच्या मोठ्या माणसानंच ओतायचं, हे मी पुन्हा पुन्हा बजावलं. आणि वर ऐटीत सांगितलं, "अशी दोन चित्रं कधी सारखी होत नाहीत. ज्याचं त्याचं वेगळं!"

सोमवारी तिसरीच्या दोन तुकड्यांतून दोन चित्रं आली, अगदी सारखी. तोच पोपटी भोवरा, त्याच्या पोटात तीच राणी रंगाची शेपटी, कोपऱ्यात तोच अंगठ्याएवढा बुडबुडा. एक ठसठशीत, दुसरं जरा फिकं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

चित्रं दोन चुलत बहिणींची होती, आणि खरी मेख इथेच होती. शहरानं गिळलेल्या एका गावात त्यांचं घर. जमिनीच्या वाटणीवरून त्यांच्या वडिलांचं, म्हणजे सख्ख्या भावांचं, इतकं फाटलं होतं की एकाच बंगल्याला मधून भिंत घातली होती. एकीकडचं फाटक पोपटी, दुसरीकडचं राणी. शाळेच्या रिक्षाही दोन. जूनमध्ये पोपटी फाटकाकडची आई नवऱ्याबरोबर येऊन मला सांगून गेली होती, "बाई, आमच्या पोरीला तिच्याजवळ जाऊ देऊ नका. बोलताना दिसली तर आमाला सांगा." नवरा दारातच हाताची घडी घालून उभा होता. बाई मला तेव्हाच कजाग वाटली होती.

घरी जाऊन मी ओट्यावर परात मांडली. एक कागद उचलला आणि त्याच पाण्यावर लगेच दुसरा टेकवला. उरलेला रंग त्यावर आला, तीच नक्षी, जरा फिकी. म्हणजे त्या दोन पोरींनी एकाच परातीत, एकीमागोमाग एक कागद बुडवले होते. कुठे? कसे? कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोपटी फाटकाकडच्या पोरीला मी बाजूला घेतलं.

"मी एकटीनं केलं, बाई."

"आणि हा राणी रंग?"

तिनं फ्रॉकची कड मुठीत धरली. डोळे भरलेच. "गच्चीवर मधी भिंत नाय, नुसता कठडा हाय. त्याच्यावर परात ठेवलेली. बाई, पप्पांना नका ना सांगू. पप्पा बोलले, परत तिच्याबरोबर दिसलीस तर शाळाच बदलीन."

मी सांगणार नव्हतेच. पण चित्रं सांगणार होती. दोन्हीत दोन्ही फाटकांचे रंग होते आणि शनिवारी दोन्ही घरं प्रदर्शनाला येणार होती. चित्र काढून ठेवायची सोय नव्हती, प्रत्येक मुलाचं चित्र लागलंच पाहिजे असा मुख्याध्यापिकांचा दंडक. मग मी एक चित्र अ तुकडीच्या वर्गात दाराशी लावलं आणि दुसरं ब तुकडीच्या वर्गात कपाटामागच्या अंधाऱ्या भिंतीवर, तेही खालची बाजू वर करून. एवढं करूनही जिवाला घोर होताच.

शनिवारी पोपटी फाटकाकडची आई एकटीच लवकर आली. नवरा गाडी लावत होता. लेकीच्या चित्रापुढे ती फार वेळ थांबली, माझ्या मते जरा जास्तच. मग सरळ ब तुकडीच्या वर्गात गेली. मी मागोमाग. तिथे पन्नासेक चित्रं असतील, पण ही नेमकी कपाटामागे शिरली आणि मान तिरकी करून बघत राहिली. झालं, मला वाटलं. बिचाऱ्या पोरीचा दाखला सोमवारी निघतो.

ती वळली. "बाई, ह्ये उलटं लावलंय."

मी साळसूदपणे विचारलं, "असं कशावरून म्हणता?"

"आता मीच टरपेंटिन ओतलंय, तर मला कळंल ना!"

मीही कपाटामागे शिरले.

"परात जावेची," ती दाराकडे नजर ठेवून हळूच म्हणाली. "कपडे वाळत घालाय आमी दोघी येकाच टायमाला वर जातो. पोरी पन येतात. खाली नाय बोलत आमी. तुमाला जूनला सांगितलं ना, त्ये यांच्यासमोर सांगाय लागतं, बाई. तुमी कोनाला बोलू नका."

तिचंही मागणं लेकीसारखंच होतं. मोठ्या माणसाला सोबत घ्या असं मीच बजावलं होतं, आणि एवढी संशयी असून ते मोठं माणूस कोण, हा प्रश्न मला पडला नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली.

बाहेर चपलांचा आवाज झाला तशी ती कपाटामागून निघाली, चेहरा पुन्हा जूनमधल्यासारखा कडक करून. नवरा लेकीचा हात धरून अ तुकडीच्या वर्गात तिच्या चित्रापुढे उभा होता. मी तिथे पोचले तेव्हा तो राणी रंगावर बोट ठेवत होता.

"बाई, आमच्याकडं पोपटी हाय. ह्यो कलर कुठून आला?"

पोरगी माझ्याकडे बघत होती. तिची आई खिडकीबाहेर बघत होती.

"माझ्याकडचा," मी म्हणाले. "शाळेत उरला होता, मीच दिला."

त्यानं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, डोळे बारीक करून. ती नजर माझीच होती, रोजच्या वापरातली. मी पापणी हलवली नाही.