मांडीवरची मोळी

उसाच्या हिरव्या वाढ्यांचा वास आला, की आमचा पहिला तोडणीचा हंगाम आठवतो. मुकादम माझ्या बायकोकडं बघून म्हनला, "बाई काडीची हाय, तुमची जोडी परत धाडतो." मी तालमीत भुईवरनं गोटा उचलनारा गडी, ताकद कमरेत असती म्हनत वाकून मोळी ओढली. ती गुडघ्यापाशी अडकली आनि माझी कंबर धरली. बायको म्हनली, "सरका तिकडं. मांड्या घरी ठिवून आलाय का?" मोळी उभी करून ती उकिडवी बसली, डोक्यावर घेतली, ताठ उठली आनि फळीवरनं सरळ ट्रकात चढली. मुकादम म्हनला, "बाई ऱ्हाऊ दे. गड्याचं बघू." सारा फड हसला, सगळ्यात मोठ्यानं मी. ती जाऊन वरीस झालं. खाटंवरनं मी अजून हात न टेकता उठतो, तिच्यावानी, मांड्यांवर.