मुखवटेवाला कोण?

आमच्याकडे टीव्ही आला आणि रविवारी सकाळी अख्खी गल्ली सतरंजीवर येऊन बसू लागली. खुर्ची एकच होती, बाबांची. तिच्यात मात्र बाबा नाही, तो एक माणूस बसायचा. उडणाऱ्या नायकाची मालिका होती. त्याच्या जिवावर उठलेला मुखवटेवाला कोण, हे शेवटच्या भागात कळणार होतं.

दर रविवारी खुर्चीतला तो नवा गुन्हेगार पकडायचा. आधी डॉक्टर, मग नायकाचा मामा, एकदा तर नायिकेची आंधळी आजी. "जो बिनकामाचा गोड बोलते, फुकट चहा पाजते ना गा, तोच असते," असं म्हणत तो रिकामी बशी आईपुढे करायचा. आई ती भरायची.

शेवटी मुखवट्याखालून निघाला नायकाचा माळी. "मी तर पहिल्याच दिवशी म्हनलं होतं," तो म्हणाला. त्याने माळ्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं. पण खुर्चीतल्या माणसाला सतरंजीवरून कोण खोटं पाडणार? आम्ही माना डोलावल्या.

पुढच्या रविवारी नवी मालिका लागली, पण तो आला नाही. आईने बाबांना विचारलं, "तुमच्या हापिसातले ते भाऊ काहून नाही आले?"

"माह्या हापिसातले? मी तर त्याले तुह्या माहेरचा, खाप्याचा पाहुना समजून राहिलो होतो!"

गल्लीतही तो कोणाचाच नव्हता. आम्ही त्याच्यासोबत आंधळ्या आजीवरही संशय घेतला, पण त्याला साधं नावही विचारलं नव्हतं.

बाबा उठून आपल्या खुर्चीत बसले, पण पाहुण्यासारखे, अगदी कडेला.