कातांगातली लादीन

मरोळ गावठाणातला क्लेमेंट मिस्किटा डॉक्टर झाला, तेव्हा त्याच्या आईने अंधेरी स्टेशनाबाहेर दवाखान्याची जागासुद्धा परस्पर पाहून ठेवली होती. पण हा पठ्ठ्या गेला लष्करात! आणि १९६१ साली काँगोला जाणाऱ्या फौजेसोबत इस्पितळ निघतंय म्हटल्यावर पहिला हात याचाच वर.

"सगली अंधेरी खोकतेय, न तू चाललास दर्यापार?" त्याची आई पर्पेच्युआबाई लुगड्याचा पदर खोचत कडाडली.

क्लेमेंटने हसून तिला मिठी मारली. बोटीवर चढताना तो इतका हरखला होता, की आपण लढाईला चाललोय की लग्नाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

काँगो नुकताच स्वतंत्र झालेला, आणि त्याचा कातांगा प्रांत फुटून निघालेला. तिथली मारामारी थांबवायला संयुक्त राष्ट्रसंघाने जी फौज धाडली, तिच्यात आपले जवान होते. एका बंद पडलेल्या शाळेत त्यांचं इस्पितळ थाटलं होतं. फळ्यावर अजून गणितं होती आणि बाकं जोडून ऑपरेशनचं टेबल केलेलं. डिसेंबरात तोफा सुरू झाल्या, विमानतळाचा रस्ता बंद झाला, आणि गुंगी द्यायचं ईथर नेमकं विमानतळावरच अडकलं. मॉर्फियाही संपला.

अशात जवानांनी एका काँगोली तरुणाला उचलून आणलं. मांडीत तोफगोळ्याचा तुकडा रुतलेला, तोही मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून. तुकडा आज काढला नाही तर पोरगा जाणार, आणि काढताना पाय हलला तरी जाणार. मांडी बधिर करायचं इंजेक्शन तेवढं होतं. पण सुरी दिसली की पोरगा उसळे. दोन जवानांना आवरेना.

"साहेब, ह्याला समजवा की कायतरी," नर्सिंग हवालदार धोंडिराम ओरडला. "न्हाईतर वाट लागली बघा."

समजवायचं कुठल्या भाषेत? तेवढ्यात क्लेमेंटला पोराच्या गळ्यात मरियेचं पदक दिसलं. अरे, हा तर आपल्यातलाच! मिशनच्या शाळेत शिकलेला असणार, म्हणजे लॅटिन प्रार्थना येणारच. क्लेमेंट लहानपणी चर्चमध्ये फादरच्या हाताखाली वेदीवर सेवा करायचा. त्याने पोराच्या कपाळावर हात ठेवला आणि तोंडात आली ती लॅटिन प्रार्थना खणखणीत सुरू केली.

पोराने अशी किंकाळी फोडली की बाहेरचे जखमीही उठून बसले.

क्लेमेंट डॉक्टरांनी पुढे मरोळला दवाखाना टाकला, तेव्हा पेशंट ताटकळत ठेवून ते ही हकीकत रंगवायचे, आणि इथवर आले की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायचे. त्याचं असं, की फादरसोबत मयतीला जाणाऱ्या पोरांना शाळेतून सुट्टी मिळे. क्लेमेंटने एकही मयत सोडली नव्हती. साहजिकच सगळ्यात पाठ होती ती मढ्यावर म्हणायची प्रार्थना, आणि जिवंत माणसाच्या उशाशी त्याने तीच लावली होती!

"आता गं बाये!" क्लेमेंट पुटपुटला. दुसरं काय येतं आपल्याला? मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसासमोर संध्याकाळी सगळे जमून लादीन म्हणत. एकाने मरियेचं एकेक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी प्रत्येक नावाला 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर, अशी साथ द्यायची. क्लेमेंटने तीच धरली. "सांक्ता मारिया..."

पोराची धडपड थांबली. त्याने डॉक्टरकडे टक लावून पाहिलं. मग ओठ हलले, "ओरा प्रो नोबिस."

"झकास! सुरी दे, धोंडिराम!"

क्लेमेंट नाव घेई, पोरगा साथ देई, आणि पाय दगडासारखा निश्चल. बाहेरच्या व्हरांड्यातले काँगोली जखमीही साथीला आले. क्लेमेंट त्याच लयीत कापत गेला. साथ येतेय तोवर माणूस शुद्धीवर आहे. नाडी बघायचीही गरज नव्हती. जखमेत खोल तो काळा तुकडा दिसला, आणि त्याला खेटून धडधडणारी रक्तवाहिनी. क्लेमेंटने चिमटा आत घातला, श्वास रोखला, आणि पुढचं नाव साफ विसरला.

व्हरांड्यातली साथही थांबली. पोराची मांडी ताठ होऊ लागली. क्लेमेंट आठवतोय, आठवतोय, काही सुचेना. चिमटा सोडताही येईना.

तेव्हा टेबलावरून एक खोल गेलेला आवाज आला. पुढचं नाव त्या पोरानेच घेतलं.

"सालुस इन्फिर्मोरुम." आजाऱ्यांचं आरोग्य.

मांडी सैल पडली. क्लेमेंटने तुकडा अलगद ओढून घेतला. रक्तवाहिनी शाबूत होती. त्याचे डोळे वाहू लागले. पुसायला हात मोकळा नव्हता. पोरगा मान वळवून त्याच्याकडे बघत होता. आता साथ डॉक्टरने द्यायची होती.

"ओरा प्रो नोबिस," क्लेमेंट म्हणाला.